बहिणेचा शोक



घरातले माणूस गेले म्हणजे दारी येणारा प्रत्येक जण मनाविषयी बोलतो. मन घट्ट करा, मनाला आवरा, मन नामात गुंतवा. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु ज्याच्यावर दुःख कोसळले त्याचे पोट अन्न धरीत नाही, डोळ्याला डोळा लागत नाही, छातीवर धोंडा ठेवल्यासारखे वाटते, चार पावले टाकली तरी पाय लटपटतात. शोक मनात जन्मतो खरा, पण वस्तीला येतो तो शरीरात. ही गोष्ट आपण विसरतो, आणि आपण माळकरी माणसे तर फारच विसरतो. गळ्यात तुळशीची माळ आहे, हातात ज्ञानेश्वरी आहे, देह नाशिवंत आहे हे रोज कीर्तनात ऐकतो. मग आपण रडावे कशाला, अंथरूण धरावे कशाला, असे आपल्याला वाटते. आणि धरलेच अंथरूण, तर आपली भक्ती कच्ची म्हणून स्वतःलाच दूषण देत बसतो.

ज्या कोणाच्या मनात असे येत असेल त्याने श्रीसंत बहिणाबाईंचे चरित्र आठवावे. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी निराळ्या, त्या अगदी अलीकडच्या. आपण बोलतो आहोत त्या शिऊरच्या बहिणाबाई, तुकोबारायांच्या शिष्या. आपल्या संतमंडळात स्वतःच्या आयुष्याची हकीगत अभंगांतून सविस्तर लिहून ठेवणारी अशी स्त्री विरळाच. त्यांनी आपले सुख लपविले नाही, तसे आपले कोसळणेही लपविले नाही. म्हणूनच साडेतीनशे वर्षांनंतरही त्यांची हकीगत आपल्या कामाची आहे.

वेरूळच्या जवळ देवगाव म्हणून गाव आहे. आज त्याला देवगाव रंगारी म्हणतात. तेथे आऊजी कुलकर्णी आणि त्यांची पत्नी जानकी असे भाविक जोडपे राहत असे. पुष्कळ दिवस पोटी संतान नव्हते. नवससायास झाले, अनुष्ठान झाले, आणि शके १५५० मध्ये, म्हणजे इसवी सन १६२८ साली, त्यांना कन्या झाली. तीच बहिणा. त्या काळच्या रीतीप्रमाणे पोरीला नीट कळू लागण्याच्या आतच तिचे लग्न उरकले. नवरदेव शिऊरचे रत्नाकर पाठक. वय तिशीचे, पहिली पत्नी वारलेली. गृहस्थ विद्वान, वेदपाठी, आचाराला कडक आणि स्वभावाला तापट. तिशीचा पुरुष आणि खेळण्याच्या वयातली पोर, असा तो संसार.

बहिणा नऊ वर्षांची झाली आणि घरावर आपत्ती आली. भाऊबंदकी माजली, देण्याघेण्याचे लचांड मागे लागले, आणि आऊजींना कुटुंबासह गाव सोडावे लागले. जावईही बरोबर निघाला. वतनदाराचे घर एका रात्रीत भिक्षेकरी झाले. गोदावरी ओलांडली, भीमेच्या तीरी आले, पंढरीला पांडुरंगाचे पाय पाहिले, पुढे शिखर शिंगणापूरच्या महादेवाकडे वळले. कधी कोरान्न मागावे, कधी कुणाच्या ओसरीवर पडावे. असे करीत रहिमतपुरास आले. तेथे रत्नाकरपंतांना काही काळ काम मिळाले. ते सुटल्यावर मंडळी कोल्हापुरास गेली. तेथे बहिरंभट म्हणून विद्वान ब्राह्मण होते. त्यांनी आपल्या वाड्यात आसरा दिला.

आता या मुलीचा विचार करा. गाव सुटले, घर सुटले, सवंगडी सुटल्या. पाय फोडीत चालत आली. नवरा वडिलांसारखा, त्याचा धाक मोठा. मनातले बोलावे असे कोणी नाही. अशा पोरीला बहिरंभटांच्या वाड्यात एक सोबती मिळाला. कोणी एका दात्याने भटजींना कपिला गाय दान दिली होती. तिला थोड्याच दिवसांत वासरू झाले. भटजींना स्वप्नात आज्ञा झाली की ही गाय रत्नाकरपंतांना द्यावी, आणि गाय वासरासह पाठकांच्या दावणीला आली.

त्या वासराला बहिणेचा लळा लागला आणि बहिणेला वासराचा. तिने गवत घालावे तेव्हा ते खाई, तिने पाणी दाखवावे तेव्हा पिई. ती पाण्याला निघाली की मागे, दळायला बसली की जवळ. रात्री तिच्याजवळ निजावे. ती पुराणाला, कीर्तनाला गेली तर तेही पाठोपाठ जाऊन उभे राही, नामघोष चालला की कान टवकारी. लोकांना मौज वाटे. काही म्हणत, मागच्या जन्मीचा कोणी भक्त असावा.

तेव्हा कोल्हापुरात जयरामस्वामी वडगावकरांची कीर्तने चालत. रामदास पंचायतनातले म्हणून जे जयरामस्वामी आपण ऐकतो तेच हे. त्यांच्या कीर्तनात बहिणेने तुकोबारायांची पदे ऐकली आणि तिच्या जिवाचा ठाव हलला. एके दिवशी कीर्तनाला गर्दी फार झाली म्हणून कोणी वासराला बाहेर काढले. ते हंबरू लागले, इकडे बहिणा रडू लागली. स्वामींना कळले तेव्हा त्यांनी वासराला आत घेतले, त्याच्या पाठीवर हात फिरविला आणि मुलीच्या मस्तकावरही हात ठेवला. झाले! गावात जितकी तोंडे तितक्या गोष्टी. कोणीतरी रत्नाकरपंतांच्या कानाला लागले. आपण वेदपाठी ब्राह्मण, आणि आपली बायको चारचौघांत कीर्तनाला जाते, वाण्याचे अभंग ऐकते, गोसाव्याकडून डोक्यावर हात ठेवून घेते! पंत तसेच घरी आले. त्यांनी बहिणेला बेदम मारले आणि बांधून टाकले.

हा प्रसंग सांगताना हात थबकतो. पण बहिणाबाईंनी स्वतः तो सांगितला आहे, तेव्हा आपण झाकून काय उपयोग? तिला बांधलेले पाहून गाय-वासरू हंबरू लागली. दोघांनी गवत सोडले, पाणी सोडले. वडीलधाऱ्यांनी समजूत घातली तेव्हा पंतांनी तिला सोडले. ती धावत गोठ्यात गेली. गाय सावरली. वासरू मात्र उठले नाही. त्याने तिच्या मांडीवर मान टाकली आणि प्राण सोडला. बहिरंभटांच्या वाड्यातल्या मंडळींनी नामघोष करीत त्या वासराला नेले आणि मूठमाती दिली.

आणि बहिणा पडली. शुद्ध गेली. डोळे मिटलेले, दातखीळ बसलेली. पोटात अन्न नाही, पाणी नाही. आई हाका मारते आहे, तिला ऐकू येत नाही. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. पोर हातची गेली असेच सर्वांना वाटले.

कोणी म्हणेल, एका वासरापायी इतके? पण शोकाला तराजू नसतो. वासरू गेले तेव्हा एकटे वासरू गेले नाही. देवगावचे घर गेले होते त्याचे रडणे आत राहिले होते. वाटेवरची उपासमार, परक्याच्या ओसरीवरचे ओशाळेपण, अंगावरचा मार, हे सगळे आत साठले होते. त्यावर झाकण होते ते त्या मुक्या जिवाच्या मायेचे. ते निघाले आणि सगळे एकदम बाहेर आले. मोठे माणूस अशा वेळी बोलून दाखविते, भांडते, देवाला दोष देते. या पोरीला बोलायची सोय नव्हती, म्हणून तिच्या वतीने तिचा देह बोलला.

आपल्या जुन्या वैद्यांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती. चरकसंहितेत अतिसाराचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत भयाने होणारा आणि शोकाने होणारा असे दोन वेगळे गणले आहेत. काम, क्रोध, भय यांच्याबरोबर शोकानेही ज्वर येतो असे त्यांत सांगितले आहे. सुश्रुताने तर माणसाला वाळवून टाकणाऱ्या शोषाच्या कारणांत शोकाला स्वतंत्र जागा दिली आहे. चिंता करून करून माणूस सुकला असे आपण घरात सहज बोलतो ना, त्या बोलण्यामागे इतके जुने शास्त्र उभे आहे.

नव्या काळच्या डॉक्टरांनी हेच मोजून पाहिले. १९६९ साली इंग्लंडमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पत्नी वारलेल्या ५५ वर्षांवरील ४४८६ पुरुषांची नऊ वर्षांची नोंद त्यासाठी पाहिली होती. पत्नी गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत या मंडळींतले मृत्यू, त्याच वयाच्या संसारी पुरुषांच्या मानाने, सुमारे ४० टक्क्यांनी जास्त निघाले. त्यांत हृदयविकाराने गेलेले पुष्कळ होते. पुढे पुढे हे प्रमाण उतरत जाऊन इतरांच्या बरोबरीला आले. म्हणजे घात आहे तो पहिल्या काही महिन्यांत. ते दिवस कोणी सांभाळून नेले तर माणूस पुष्कळदा तरून जातो.

पुढे १९९० साली जपानमधल्या डॉक्टरांनी हृदयाच्या एका दुखण्याचे वर्णन केले. मोठा धक्का बसला असता हृदयाचा डावा कप्पा एकाएकी दुबळा होतो आणि फुगतो. त्याचा आकार तिकडच्या कोळ्यांच्या ऑक्टोपस धरायच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्या मडक्याचेच ताकोत्सुबो हे नाव दुखण्याला दिले. छातीत कळ येते, दम लागतो, सगळी लक्षणे हृदयविकाराच्या झटक्याची; पण तपासावे तर रक्तवाहिनी तुंबलेली नसते. उतारवयाच्या स्त्रियांत हे अधिक आढळते. वेळेवर उपचार झाले तर बहुतेकांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते. काळीज फाटले असे आपल्या आयाबाया म्हणत आल्या, ते अगदीच वावगे नव्हते म्हणायचे!

बहिणेच्या मूर्च्छेला यांतल्या कोणत्याही रोगाचे नाव देण्याचे कारण नाही. एवढेच ध्यानात घ्यावे की तिचे पडणे ढोंग नव्हते, आणि तो भक्तीचा कच्चेपणाही नव्हता. असता, तर पुढे जे घडले ते घडले नसते.

चौथ्या दिवशी रात्री तिला भास झाला. कोणी ब्राह्मण उशाशी येऊन तिला जागी हो, सावध हो असे सांगतो आहे. तिने डोळे उघडले. पण उठली ती एकदम बरी होऊन उठली नाही. देह अशक्त, मन उदास. जयरामस्वामींच्या तोंडून ऐकलेली तुकोबांची पदे तेवढी तिच्या ओठांवर येत. ती पदे ती म्हणे, रडे, पुन्हा म्हणे. ज्याने ही लिहिली त्याचे पाय कधी दिसतील, एवढाच ध्यास. आणि त्या ध्यासात तुकोबारायांनी स्वप्नात येऊन तिला दर्शन दिले, मस्तकी हात ठेवला आणि मंत्र दिला. कोल्हापुरात पडलेल्या मुलीला देहूच्या वाण्याने उभे केले. तुकोबा तेव्हा देहातच होते. पण शिष्येने गुरूला पाहिले नव्हते आणि गुरूने शिष्येला पाहिले नव्हते.

आता असे पाहा, शोकात बुडालेल्या या पोरीला तुकोबांचीच पदे का धरून ठेवता आली? पदे तर इतरही ऐकली असतील. मला वाटते, जो स्वतः या डोहातून पोहून आला आहे त्याचा शब्द बुडणाऱ्याला लवकर ओळखू येतो. तुकोबारायांचे तारुण्य आठवा. वय सतराच्या सुमाराचे असताना आईवडील गेले. पाठोपाठ भावजय गेली, आणि थोरले बंधू सावजी विरक्त होऊन निघून गेले. दोन प्रपंचांचा भार पोराच्या खांद्यावर. तोच १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ पडला. गुरे गेली, व्यापार बुडाला, पत गेली. पहिली पत्नी रखुमाबाई आधीच दम्याने पिडलेली. ती अन्न अन्न करीत गेली. मुलगा संतू गेला. या सगळ्यानंतर तुकोबा घर सोडून भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटे बंधू कान्होबा रानोरान शोधीत गेले आणि त्यांना घेऊन आले.

भामनाथाहून आल्यावर तुकोबांनी काय केले? घराण्यातल्या कर्जखतांपैकी आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. पडझड झालेले विठ्ठलाचे देऊळ दुरुस्त केले. चिखल तुडवायचा, माती आणायची, भिंत घालायची. मग एकादशीला कीर्तन करू लागले, आधी दुसऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरीत. शोकाने थकलेल्या देहाला त्यांनी असे काम दिले, ताल दिला, चार माणसांत उभे केले. पोट, हात, पाय, गळा या सगळ्यांना पांडुरंगाच्या पायाशी लावले. त्यातून जी वाणी निघाली ती बहिणेपर्यंत पोहोचली. दुःख भोगलेल्या माणसाची ती वाणी होती, म्हणून ती दुःखितांच्या अंगी लागली.

पण बहिणेची परीक्षा संपलेली नव्हती. तिला पाहायला लोकांची रीघ लागली तसा रत्नाकरपंतांचा संताप वाढला. बायकोला माणसे पाया पडतात, आपल्याला कोणी विचारीत नाही! त्यांनी तिला सोडून तीर्थाटनाला जायचे ठरविले. बहिणेला तेव्हा दिवस गेले होते. निघायची तयारी झाली आणि पंतांनाच तापाने गाठले. अंगाची आग होई, औषध लागू पडेना. जिने मार खाल्ला तीच उशाशी बसून राहिली. तिने सेवा केली, पथ्यपाणी पाहिले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्या विद्वान माणसाच्या मनात पालट झाला. आपण निंदिले त्या साधूचाच हा प्रसाद आहे असे त्यांना वाटले. ते उठले आणि पत्नीला, सासूसासऱ्यांना, त्या गायीलाही घेऊन देहूची वाट चालू लागले.

देहूला बहिणेने स्वप्नात पाहिलेली मूर्ती प्रत्यक्ष पाहिली. मंबाजीने त्रास दिला तो सर्वांना ठाऊक आहे, त्याचा पाल्हाळ येथे नको. तेथेच तिला काशी नावाची मुलगी झाली, पुढे विठोबा नावाचा मुलगा झाला. देवगावाहून निघालेली भेदरलेली बहिणा येथे बहिणाबाई झाली. रोज कीर्तन, इंद्रायणीचे पाणी, गुरूंचा सहवास.

१६५० साली फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबारायांचे वैकुंठगमन झाले. बहिणाबाईंचे वय तेव्हा अवघे बावीस. ज्याच्या हाताने आपण मरणाच्या दारातून परत आलो तो हातच गेला. याही वेळी अन्न सुटले. गुरूंच्या वियोगात त्या देहूस अठरा दिवस उपोषित बसल्या आणि त्यांना तुकोबांचे पुन्हा दर्शन झाले, असे त्यांच्या चरित्रात येते.

वासराचा शोक आणि गुरूंचा शोक, दोन्हींत अन्न सुटले आहे. पण फरक पाहण्यासारखा आहे. कोल्हापुरात शोकाने देहावर घाला घातला आणि ती कोसळली, तिला काही कळत नव्हते. देहूला त्या बसल्या, पडल्या नाहीत. समोर देव होता, भोवती वैष्णव होते, मुखी नाम होते. शोक तेवढाच होता, कदाचित अधिक असेल. पण आता तो सांगायला वाचा मिळाली होती आणि ऐकायला माणसे होती. अठरा दिवसांनी त्या उठल्या आणि पुढे पन्नास वर्षे जगल्या. प्रपंच केला, मुले वाढविली, वज्रसूची उपनिषद मराठीत आणले, शेकडो अभंग रचले. समर्थ रामदासांचाही सहवास त्यांना लाभला असे परंपरा सांगते.

येथे कोणी माझ्या बोलण्याचा भलता अर्थ घेऊ नये. बहिणाबाई अठरा दिवस बसल्या म्हणून आपणही दुःखात अन्न सोडावे, असे मी सांगत नाही. संतांचे अधिकार संतांपाशी. आपण त्यांच्याकडून घ्यायचे ते शोकाला वाट देणे.

उत्तर आयुष्य बहिणाबाईंनी शिऊरला काढले. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यात हे गाव आहे. अखेरचा प्रसंगही शोकाचाच. त्यांचा मुलगा विठोबा याची पत्नी वारली होती आणि तिच्या उत्तरकार्यासाठी तो गोदातीरी गेला होता. इकडे बहिणाबाईंना आपला काळ जवळ आल्याचे कळले. त्यांनी पत्र पाठवून त्याला बोलावून घेतले. विचार करा, काय अवस्था त्या मुलाची! पत्नीची रक्षा अजून हाताला लागलेली, तोच आई जाते म्हणते. आईने त्याला काय दिले? रडू नको म्हणून दटावले नाही. जवळ बसवून घेतले आणि आपल्या मागल्या बारा जन्मांची कथा सांगितली. एकेक जन्म, त्यातले एकेक मरण, त्यातली राहिलेली वासना. तेराव्यात ती पुरी झाली. मुलाला कळावे की मरणे हे या वाटेवरचे मुक्काम आहेत, आणि इतक्या वेळा उठून चाललेल्या जिवाचा प्रवास आज पंढरीला पोहोचतो आहे. शके १६२२, आश्विन शुद्ध प्रतिपदा, इसवी सन १७००. त्या दिवशी बहात्तर वर्षांच्या बहिणाबाईंनी देह ठेवला. शिऊरला त्यांची समाधी आहे.

वासराच्या मरणाने जिची शुद्ध गेली होती, ती अखेरीस स्वतःच्या मरणाच्या वेळी मुलाला सावरीत होती. एवढे अंतर ती चालून गेली. हे अंतर कशाने तोडले गेले? तिच्यापाशी नाम होते, गुरू होता, माणसे होती. आणि आपले दुःख तिने दडवून न ठेवता अभंगांत मोकळे केले.

आपल्या खेड्यापाड्यांतल्या रिवाजांत हेच शहाणपण मुरलेले आहे. मयत झालेल्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी, सोयरे भाकरी घेऊन येतात. त्याला आपण कडू घास म्हणतो. कोणाला खावेसे वाटत नसते. पण थोरली माणसे जवळ बसतात, कोर मोडून हातात देतात, पाण्याचा तांब्या पुढे करतात. त्या घासाला चव नसेल, पण जीव त्यावरच तगतो. दहा दिवस, तेरा दिवस घर माणसांनी भरलेले राहते. पुढे खरी पोकळी तेराव्यानंतर पडते, आणि नेमके तेव्हाच आपण जाणे बंद करतो. वारकऱ्यांनी येथे मागे सरू नये. दर एकादशीला त्या घरी चार टाळकरी जावेत, हरिपाठ म्हणावा, म्हाताऱ्याने दोन घास खाल्ले की नाही ते डोळ्यांनी पाहावे. निदान सहा महिने तरी हा नेम ठेवावा.

आणखी दोन गोष्टी. दुःखातल्या माणसाला छातीत कळ आली, दम लागला, घाम सुटला, तर शोकामुळे होते आहे म्हणून अंगारा लावून बसू नये. ताबडतोब डॉक्टरकडे न्यावे. रक्तदाब, मधुमेह असलेली माणसे अशा दिवसांत आपल्या गोळ्या घ्यायच्या विसरतात. तेवढी आठवण घरच्या लेकीसुनांनी ठेवावी. आठवड्यांमागून आठवडे झोप नाही, अन्न नाही, जगण्यात राम नाही असे कोणी बोलू लागला तर त्याला वेदान्त सांगू नये. त्याला एकटा सोडू नये आणि वैद्यकीय मदत घ्यावी. औषध घेतल्याने नामाला उणेपणा येत नाही. रत्नाकरपंतांच्या उशाशी बसून बहिणेने नामही घेतले आणि पथ्यपाणीही केले.

दुसरे असे की रडणाऱ्याला रडू द्यावे. माळकऱ्याने रडू नये असा नियम आपल्या कोणत्याही संताने घातलेला नाही. आळंदीला माउली समाधीस बसल्या तेव्हा निवृत्तिनाथांच्या आणि नामदेवरायांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि त्यांच्याहून अधिक देह ओळखणारा कोण होता? देह नाशिवंत आहे हे खरेच. पण आहे तोवर तो पांडुरंगाची वारी करण्याचे साधन आहे. वारीला निघताना आपण पायांना तेल लावतो, वहाणा सांधून घेतो. शोकाची वाट त्याहून लांबची आणि चढणीची. त्या वाटेवर देहाची हेळसांड करून कसे चालेल?

ज्यांच्या घरी यंदा दुःख झाले आहे, ज्यांची वारी त्यामुळे चुकणार आहे, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. वेळेवर दोन घास खावेत, सकाळी उठून तुळशीपर्यंत तरी चालावे, जवळच्या माणसापाशी मनातले बोलावे आणि जमेल तेवढे नाम घ्यावे. पुढल्या आषाढीला पाय आपोआप वाटेला लागतील. पांडुरंग अठ्ठावीस युगे विटेवर उभा आहे, आणखी एक वर्ष तुमच्यासाठी थांबेल.

रामकृष्णहरि.